बघायची वही: सोलापुरात राहून चित्र पाहायला आणि काढायला शिकताना

तांब्या काढायला सांगितला की नवशिका विद्यार्थी त्याचं तोंड लंबगोल काढतो आणि बूड मात्र सरळ रेषेत. रेषा सुबक आलेली असते, घासकामही नीट असतं, तरी तांब्या टेबलावर बसत नाही. बूड सपाट टेबलावर टेकलंय हे त्याला माहीत असतं. तो माहीत असलेलं काढतो, दिसणारं नाही. चित्रातल्या बहुतेक चुका अशाच पेन्सिल कागदाला टेकायच्या आधी झालेल्या असतात, आणि नुसता हात घोटून त्या जात नाहीत. त्यासाठी बघणं आणि काढणं एकाच वहीत शेजारी शेजारी ठेवावं लागतं. ती वही कशी चालवायची ते पुढे आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ती उपयोगी पडेलच, पण कुठल्याही परीक्षेला न बसणाऱ्यालाही पडेल.

वही आणि सामान

ए-4 आकाराची, कोऱ्या पानांची, 120 ते 150 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदाची वही घ्या. त्याहून पातळ कागदावर मऊ, गडद 6बी पेन्सिल मागे उमटते आणि खोडलं की कागदाचे तंतू उठतात. उजवं पान काढायला, डावं लिहायला. डावखुऱ्यांनी हवं तर उलट करावं. पेन्सिली तीन पुरतात: एचबी, 2बी, 6बी. शार्पनरपेक्षा कटरने टोक काढा आणि शिसं साधारण 1 सेंटिमीटर उघडं ठेवा. लांब शिसं आडवं धरून रुंद छटा देता येते आणि उभं धरून बारीक रेषा. मोजायला पेन्सिलीपेक्षा जुन्या छत्रीची सरळ काडी बरी, कारण ती बारीक असल्याने वस्तू झाकत नाही.

डाव्या पानावर प्रत्येक चित्रासाठी तीनच नोंदी करायच्या. आधी माहीत नव्हतं असं काय दिसलं, हात कुठे चुकला आणि का, आणि पुढच्या वेळी काय तपासायचं. ‘छान आलं’, ‘जमलं नाही’ असली वाक्यं इथे चालणार नाहीत, कारण त्यांवरून पुढे काही करता येत नाही. ‘मानेची रुंदी पोटाच्या निम्मी होती, मी दोनतृतीयांश काढली, मान जवळून बघत होतो आणि पोट दुरून’ ही नोंद कामाची. तारीख, वेळ आणि उजेड कुठून येत होता तेही लिहा. आठवड्याने चित्र पुढे न्यायचं असेल तर ‘सकाळी साडेआठ, पूर्वेची खिडकी’ एवढ्यावरून तीच सावली पुन्हा सापडते.

घरातला तांब्या

पहिले दोन आठवडे घरातच काढायचे. तांब्या, दोन-तीन कडक भाकऱ्या आणि दुमडलेली चादर, एवढी मांडणी पुरे. कडक भाकरीची शिफारस मनापासून आहे. फळं दोन दिवसांत सुरकुततात, केळं काळं पडतं, पण कडक भाकरी आठवडाभर आकार बदलत नाही. शिवाय ती पूर्ण सपाट कधीच नसते. कडा कुठे वर उचललेली, कुठे खाली गेलेली असते. त्यामुळे एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांच्या कडा खरोखर बघूनच काढाव्या लागतात, सवयीने काढता येत नाहीत.

ट्यूबलाइट बंद करा. उजेड एकाच खिडकीतून, बाजूने यायला हवा. दोन बाजूंनी उजेड आला की एका वस्तूच्या दोन पडछाया पडतात आणि आकार सपाट वाटतो. मांडणी जेवढी रुंद असेल त्याच्या निदान तिप्पट अंतरावर बसा. फार जवळ बसलं तर तोंड बघताना मान खाली जाते, बूड बघताना आणखी खाली, आणि एकाच चित्रात दोन वेगवेगळ्या नजरा मिसळतात.

आता मोजमाप. हात कोपरात अजिबात न वाकवता पुढे ताणा, एक डोळा मिटा, काडीचं टोक तांब्याच्या एका कडेशी धरा आणि दुसऱ्या कडेपाशी अंगठा आणा. हे तुमचं एकक. तांब्याची सर्वांत रुंद जागा उंचीत किती वेळा बसते ते बघा: सव्वा वेळा, दीड वेळा, जे असेल ते. मग मानेची रुंदी पोटाच्या तुलनेत, गळपट्टीची उंची एकूण उंचीच्या तुलनेत. काडीवरचं माप जसंच्या तसं कागदावर उतरवायचं नाही. काडी सांगते ते प्रमाण. आकार किती मोठा काढायचा ते तुम्ही ठरवायचं. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. कोपर नकळत वाकतं, मग एकक दर वेळी बदलतं. नाहीतर माणूस खुर्चीत पुढेमागे सरकतो. खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूने खुणा करून ठेवल्या तर दुसरी अडचण सुटते.

मधोमध उभा अक्ष अगदी हलका आखून घ्या आणि तोंड, मान, पोट, बूड या प्रत्येक ठिकाणी पूर्ण लंबगोल काढा, मागची न दिसणारी बाजूसुद्धा. नजरेच्या पातळीवरचं वर्तुळ सरळ रेषेसारखं दिसतं. त्याच्याखाली जसजसं जावं तसतसं ते उघडत जातं. म्हणून टेबलावरच्या तांब्यात बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा, म्हणजे रुंदीच्या मानाने जास्त उंच असतो. तो तसा आला की तांब्या टेबलावर बसतो. लंबगोलाची टोकं टोकदार येत असतील तर हात तिथे थांबतोय. खांद्यापासून हात फिरवत, कागदाला न टेकता हवेत चार-पाच फेऱ्या मारा आणि मग त्याच लयीत पेन्सिल टेकवा.

छटा देताना डोळे किलकिले करा. बारीकसारीक दिसेनासं होतं आणि उजेड-काळोखाचे मोठे पट्टे राहतात. कोरा कागद ते सर्वांत गडद 6बी अशा पाच छटांची पट्टी वहीच्या कडेला करून ठेवा आणि प्रत्येक भाग या पाचांतल्या कुठल्या घरात बसतो ते ठरवा. विद्यार्थ्यांची सर्वसाधारण चूक म्हणजे सगळं चित्र मधल्या तीन छटांत अडकतं, गडद करायचा धीर होत नाही. पितळेत आणि मातीत फरक का दिसतो, तेही याच वेळी समजून घ्यावं. गुळगुळीत पितळ भोवतालचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणून त्यात लख्ख पांढरं आणि अगदी काळं एकमेकांना खेटून असतं. मडक्याचा खडबडीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून तिथे छटा हळूहळू बदलते. पितळेला बोट फिरवून मऊ छटा दिली की तांब्या मातीचा होतो.

चादर वाचणं

सोलापूरच्या घरात आकार शिकवायला चादरीइतकं चांगलं दुसरं काही नाही. खाटेवर अंथरलेली असते म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, एवढंच. दोन्ही बाजूंनी वापरायची जकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली चादर घ्या आणि उजेडात पसरा. जाड कागदात 1 इंच बाय 1 इंच खिडकी कापा आणि ती खिडकी एखाद्या फुलाच्या पाकळीच्या कडेवर ठेवा. दुरून गोल वाटणारी कड जवळून पायऱ्यांची दिसेल. कापडात उभे आणि आडवे धागे काटकोनात जातात. तिरका धागा नसतोच. त्यामुळे प्रत्येक वळण पायऱ्यापायऱ्यांनीच करावं लागतं.

जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात पुढे आणलेल्या यंत्रणेचं तत्त्व सोपं आहे. पंच केलेल्या कार्डात जिथे भोक, तिथला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला खाली राहतो. मग मधून आडवा धागा जातो आणि पुढचं कार्ड येतं. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डही आलेत, पण धागा वर की खाली हा प्रश्न तोच. डिझाइन करणारा ग्राफवर एकेक चौकोन भरतो तेव्हा तो याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

याचा अभ्यास असा करायचा. चादरीतली एक बुटी, म्हणजे सुटी नक्षी निवडा, फार मोठी नको. आधी खिडकीतून आडव्या 1 इंचात किती पायऱ्या बसतात आणि उभ्या 1 इंचात किती, ते मोजा. हे दोन आकडे बहुतेक वेळा सारखे नसतात, आणि इथेच सगळ्यांत मोठी गंमत आहे. समजा आडव्या इंचात 20 आणि उभ्या इंचात 16 आल्या. आता साध्या ग्राफवर 20 बाय 20 घरांत गोल काढून तो विणला, तर कापडावर तो 1 इंच रुंद आणि सव्वा इंच उंच होईल. गोलाचं अंडं होईल. गोल हवा असेल तर ग्राफवर 20 घरं रुंद आणि 16 घरं उंच असा दबलेला आकार काढावा लागेल. ग्राफवर बेढब दिसणारं कापडावर बरोबर येतं. कागदावर काय दिसतं आणि शेवटी काय होणार यांतला हा फरक ज्याच्या डोळ्यांत बसला, त्याला पुढे भिंतीवरचं मोठं चित्र किंवा छपाईचं काम अवघड जात नाही.

बुटी ग्राफवर उतरवताना पायऱ्यांच्या लांब्या क्रमाने लिहा. चांगल्या वळणात त्या हळूहळू कमी होतात आणि मग उभ्या दिशेने हळूहळू वाढतात: आडव्या 5, 3, 2, 1, 1 आणि मग उभ्या 1, 1, 2, 3, 5. मध्येच 5, 1, 4 असा क्रम आला की तिथे वळण मोडल्यासारखं दिसतं. स्वतःचं डिझाइन करताना आधी पेन्सिलीने मोकळं वळण काढा, मग त्यावरून घरं भरा आणि शेवटी पायऱ्या मोजून क्रम दुरुस्त करा. उलट क्रमाने, म्हणजे सरळ घरंच भरत गेलात, तर आकार ताठर होतो. एका घराची बारीक तिरकी रेषाही टाळा. जाड सुतात ती तुटक ठिपक्यांसारखी दिसते. देठ निदान दोन घरांचा ठेवा.

मग चादर उलटी करा. समोर पांढऱ्यावर मरून फूल असेल तर मागे मरूनवर पांढरं फूल येतं, कारण दोन रंगांचे दोन थर नक्षीच्या कडेवर एकमेकांत जागा बदलतात. वहीत आता फूल काढू नका. फुलांमधल्या मोकळ्या जागेचा आकार काढा. बहुतेकांचं संकल्पचित्र, म्हणजे नक्षीचं डिझाइन, इथे मार खातं. फुलं-पानं सुंदर काढलेली असतात, पण मधली जागा कशीही उरलेली असते. चादरीचा जुना डिझायनर तसं करूच शकत नाही, कारण उलट्या बाजूला तीच उरलेली जागा नक्षी म्हणून समोर येणार असते. तुमच्या संकल्पचित्राची हीच परीक्षा घ्या. त्यातले गडद आणि फिके भाग ट्रेसिंगवर अदलाबदल करून बघा. उलटं चित्रही बघवलं, तर रचना पक्की आहे.

रंगासाठी एक छोटा प्रयोग. एकाच राखाडी कागदाचे 2 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. एक मरून भागावर ठेवा, एक पांढऱ्यावर. मरूनवरचा तुकडा उजळ दिसेल, त्यात किंचित हिरवट झाकही वाटेल, पांढऱ्यावरचा गडद. तुकडे एकच आहेत हे माहीत असूनही डोळा मानत नाही. म्हणून रंग पॅलेटवर ठरवायचा नसतो. शेजारचा रंग लावल्यावर कागदावरच ठरवायचा.

किल्ला आणि तलाव

तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडा. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि तलावाच्या मधोमध असलेलं मंदिर हे सगळं एकमेकांलगत आहे. सकाळी नऊच्या आत काम उरका. त्या वेळी ऊन तिरपं असतं आणि बुरुजाची गोलाई दिसते. दुपारी सूर्य डोक्यावर आला की दगड सपाट होतो आणि उन्हाळ्यात बसवतही नाही.

तांब्यावर शिकलेलं बुरुजावर लावायचं. तुमच्या नजरेच्या पातळीवरचा दगडांचा थर आडवा सरळ दिसेल. त्याच्या वरचे थर वरच्या बाजूला कमानीसारखे फुगतील, आणि जितके वर तितके जास्त. खालचे थर खाली झुकतील. आधी नजरेची रेषा कागदावर आखा, दोन-तीन थरांच्या कमानी हलक्या काढा, आणि दगड अगदी शेवटी. प्रत्येक दगड काढत बसू नका. उजेड आणि छाया जिथे भेटतात त्या उभ्या पट्ट्यातले दगड स्पष्ट काढले तरी उरलेले बघणारा मनाने भरून घेतो.

काळ्या दगडाला काळा रंग लावणं ही पाण्याच्या रंगातली जुनी चूक. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) हे दोनच रंग मिसळा. उन्हातल्या भागात सिएना थोडा जास्त आणि पाणी भरपूर. छायेत अल्ट्रामरीन जास्त आणि पाणी कमी. त्यातून निघणारा करडा जिवंत असतो. कागद 300 जीएसएमचा घ्या. पातळ कागदाचे तंतू ओले झाले की फुगतात, कागदाला लाटा येतात आणि रंग खळग्यांत साचतो. पातळ कागदच असेल तर चारही बाजूंनी टेपने बोर्डाला चिकटवा. कोरड्या हवेत रंग ब्रशखालीच वाळतो आणि मध्येच कडा पडतात. उपाय म्हणजे ब्रश एक आकार मोठा घ्या, रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवा आणि बोर्ड किंचित तिरका धरा, म्हणजे ओली कड खाली सरकत राहील. कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, त्यामुळे माणूस नकळत रंग गडद लावतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

पाण्यातल्या प्रतिबिंबाबद्दल थोडक्यात. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत येतं. सावलीसारखं तिरकं पडत नाही. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद वस्तूचं किंचित उजळ दिसतं. काठापासून मागे असलेल्या इमारतीचं प्रतिबिंब पूर्ण दिसत नाही, तिचा खालचा भाग काठ खाऊन टाकतो. चित्र उलटं धरून वरचं जसंच्या तसं उतरवलं की हे हमखास चुकतं.

गड्ड्याची गर्दी, आठवणीतून

स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेलं बाजाराचं किंवा पावसाचं चित्र, असा समज शाळेत पक्का झालेला असतो. तो मोडायला जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा, म्हणजेच गड्डा, उत्तम. सात नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतली (बंदांच्या अंगरख्यातली) माणसं, रस्त्यावरच्या रांगोळ्या; पण गर्दीत वही उघडायला जागा नसते. म्हणून दोन मिनिटं एकाच जागी नजर ठेवा आणि मनात पाच वाक्यं जुळवा: सर्वांत उंच काय, सर्वांत गडद काय, माणसं कुठे झुकलीत, मोकळी जागा कुठे, उजेड कुठून. घरी पोचताच, मोबाइलवरचे फोटो न बघता, 10 बाय 15 सेंटिमीटरच्या चौकटीत काढा. फोटो दुसऱ्या दिवशी बघून चुका डाव्या पानावर लिहा.

गर्दी काढायची युक्ती एकच आहे. सपाट रस्त्यावर उभं राहून बघितलं तर साधारण तुमच्याच उंचीच्या जवळच्या-लांबच्या सगळ्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबच्या माणसाचे पाय तेवढे वर सरकतात. मुलांची डोकी रेषेखाली, खांद्यावर बसलेलं पोर रेषेच्या वर. गॅलरीतून बघितलं तर ही रेषा सगळ्यांच्या डोक्यांच्या वर जाते. नवशिक्याच्या गर्दीत लांबची माणसं हवेत तरंगतात किंवा बुटकी दिसतात, ती ही रेषा न आखल्यामुळे. बाराबंदीचा पांढरा कागदाचाच ठेवा. घड्यांना अगदी पातळ निळसर करडा द्या आणि मागची गर्दी गडद करा. पांढरा आपोआप उठतो. पेन्सिलीने घड्या घासल्या तर कपडे मळके दिसतात.

दुसऱ्यांची चित्रं

स्वतः काढत असतानाच इतरांची चित्रं नीट कळू लागतात, म्हणून हा भाग वेगळा ठेवू नका. आठवड्यातून एक चित्र, वीस मिनिटं. पहिली दोन मिनिटं नुसतं बघा, लिहू नका. मग 6 बाय 4 सेंटिमीटरच्या चौकटीत, किंवा चित्राच्या प्रमाणात बसेल तशा, फक्त तीन छटांत त्याची मांडणी उतरवा. मग प्रतिमा उलटी करा. गोष्ट नाहीशी होते आणि नजर आधी कुठे जाते, नंतर कुठे, ते कळतं. त्या वाटेवर बाण काढा. शेवटी एक कोपरा बोटाने झाका आणि काय बिघडतं ते लिहा. ‘मला काय वाटलं’ हे सर्वांत शेवटी. तेव्हा ते वाटणं कशामुळे, हे बोट ठेवून सांगता येतं.

मोबाइलवर सगळी चित्रं हाताएवढी होतात. मोनालिसा 77 बाय 53 सेंटिमीटर आहे, तर पिकासोचं गेर्निका सुमारे 3.5 मीटर उंच आणि 7.8 मीटर रुंद. पहिलीचा आयत भिंतीवर खडूने आखा. दुसऱ्याचा घरात मावणार नाही. गच्चीवर दोरी धरून मोजा, एका टोकाला उभे राहा आणि दुसरं टोक बघायला मान किती फिरवावी लागते ते बघा. रुंद चित्रात माणसं त्या जागी का ठेवलीत, ते मग कळतं.

मूळ चित्रं बघायला सातारा जिल्ह्यातलं औंध गाठावं. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्पही. एका फेरीत सगळं बघायचा हट्ट धरू नका. तीन कलाकृती निवडा. रविवर्म्यांच्या चित्रासमोर आधी चार हातांवरून उभे राहा, मग दोरीच्या मर्यादेत शक्य तितकं जवळ जा. लांबून जरीचा काठ वाटणारी गोष्ट जवळून काही मोजके फटकारे होते. किती फटकारे, कुठला गडद, कुठला उजळ, ते लिहा. शिल्पाभोवती चार बाजूंनी, प्रत्येकी पाच मिनिटं, फक्त बाह्यरेषा काढा. रेखाटन करायला हरकत नाही ना, हे आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना विचारा, आणि सोबत पेन्सिलच ठेवा, शाई किंवा रंग नकोत.

तीन महिने झाले की पहिला तांब्या पुन्हा मांडा. तीच खिडकी, तीच वेळ, फरशीवरच्या त्याच खुणा. पहिलं चित्र न बघता नव्याने काढा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पट्टी लावा: पोटाची रुंदी उंचीत किती वेळा, बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा उघडा आहे का, सर्वांत गडद छटा पट्टीवर कितव्या घरात. जो आकडा अजून चुकतोय, त्याचा महिनाभराचा सराव आखा. मान चुकत असेल तर मानेची भांडी घ्या: सुरई, कळशी, तेलाची बाटली. छटा फिकी राहत असेल तर काळ्या कापडावर पांढरं अंडं ठेवून 6बीनेच काम करा. आणि पहिल्या चित्रात कुठेही खोडून दुरुस्ती करू नका. सहा महिन्यांनी मोजायला ते तसंच लागणार आहे.